होउएल्तचा क्रूस आणि लँट्विट मेजरचे कोरीव दगड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वेल्सच्या दक्षिण किनाऱ्याजवळच्या एका पॅरिश चर्चमध्ये नवव्या शतकातला एक कोरीव क्रूस उभा आहे. त्याच्याबद्दल आणि त्याच्या शेजारच्या दगडांबद्दल पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एका उत्तरात आलेली गोष्ट शक्यतो दुसऱ्यात आणलेली नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. लॅटिन मजकूर अक्षराला अक्षर लावून देवनागरीत लिहिला आहे, त्यामुळे तो थोडा अडखळत वाचावा लागेल. मूळ दगडावरही तो तसाच वाचावा लागतो.

१. हा दगड नेमका कोणता आणि कुठे आहे?

वेल्सच्या व्हेल ऑफ ग्लॅमॉर्गन भागात लँट्विट मेजर नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या संत इल्टिडच्या चर्चमध्ये हा दगड आहे. इल्टिड म्हणजे पूर्वी इथे मठ चालवणारा संत. चर्च एका रांगेत लांबवर पसरलेलं आहे: पूर्वेला एक चर्च, त्याला लागून पश्चिमेला दुसरं, आणि अगदी पश्चिम टोकाला गॅलिली चॅपेल. हे चॅपेल तेराव्या शतकातलं. धर्मसुधारणेनंतर ते पडीक झालं आणि कित्येक पिढ्या बिनछपराचं राहिलं. २०१३ मध्ये त्यावर पुन्हा छप्पर चढलं आणि कोरीव दगड तिथे मांडले गेले. त्याआधी ते पश्चिमेकडच्या चर्चमध्ये होते आणि त्याही आधी आवारात, उघड्यावर. जुन्या पुस्तकातलं वर्णन वाचून गेलात आणि दगड सांगितलेल्या जागी सापडला नाही, तर कारण हेच.

२. गावाची दोन नावं दिसतात. खरं कोणतं आणि उच्चार काय?

दोन्ही खरी. इंग्रजीत लँट्विट मेजर, वेल्शमध्ये ल्लानइल्टिड व्हाउर. 'ल्लान' म्हणजे चर्च आणि त्याभोवतीचं कुंपण घातलेलं आवार. म्हणजे नावाचा अर्थ झाला 'इल्टिडचं थोरलं चर्च'. सुरुवातीचा ल्ल आपल्या भाषेत नाही. जीभ 'ल' म्हणायच्या जागी टेकवून ठेवायची आणि आवाज न काढता कडेनं हवा सोडायची, की जवळपास जमतो. उलट ऱ्हीस (हे नाव प्र. ७ मध्ये येईल) या नावातला पहिला आवाज मराठी माणसाला फारसा जड जात नाही. 'ऱ्हास' म्हणणाऱ्याला तो निम्मा आलेलाच असतो.

३. दगड दिसायला कसा आहे?

उंची साधारण सहा फूट, म्हणजे समोर उभं राहिलं की डोळे क्रुसाच्या डोक्याच्या आसपास येतात. वरचा भाग गोल तबकडीसारखा आणि त्या गोलात क्रूस कोरलेला. खाली दगड रुंद होत जातो. पुढची बाजू नक्षीनं भरलेली आहे: काटकोनात वळणाऱ्या रेषांची किल्लीची नक्षी आणि दोऱ्यासारख्या गुंफलेल्या गाठी. लेख तळाशी, एका चौकटीत आहे. बहुतेकांची नजर वरच्या गोलावर खिळते आणि लेख पाहायचा राहून जातो. तो वाचायचा तर उकिडवं बसावं लागतं.

४. लेखात काय लिहिलं आहे?

शब्द सुटे करून लिहिला तर असा:

नि नोमिने दि पात्रिस एत स्पेरितुस सान्त्दि आन्क क्रुकेम होउएल्त प्रोपेराबित प्रो आनिमा रेस पात्रेस एउस

अर्थ: देव जो पिता त्याच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावानं, होउएल्तनं हा क्रूस आपला पिता रेस याच्या आत्म्यासाठी सिद्ध केला.

'दि' ही चूक नाही. ते 'देई', म्हणजे 'देवाच्या', याचं नेहमीचं संक्षिप्त रूप आहे. पवित्र शब्द आखडून लिहायची पद्धत त्या काळच्या सगळ्या हस्तलिखितांत दिसते. प्रत्यक्ष दगडावर शब्दांमध्ये जागा सोडलेली नाही आणि ओळ संपते तिथे शब्द तुटतो. अक्षरं हस्तलिखितांतल्या गोलसर वळणाची आहेत, रोमन शिलालेखांतल्या कोरड्या सरळ वळणाची नाहीत. ती ओळखायची कशी, ते प्र. १६ मध्ये आहे.

५. एवढ्याशा लेखात इतक्या चुका कशा? कोरणाऱ्याला लॅटिन येत नव्हतं का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच आणि आमच्या मते या दगडाचं खरं मोल याच उत्तरात आहे. चुका दोन जातीच्या आहेत. त्या वेगळ्या केल्याशिवाय काही कळत नाही.

पहिली जात हाताच्या चुकीची. 'इन' ऐवजी 'नि', म्हणजे दोन अक्षरांची अदलाबदल. शेजारच्या दगडावर 'आनिमा'चं 'आन्मिआ' झालं आहे, तीही असलीच चूक. अर्थ न लावता, आकार बघून अक्षरं उतरवणाऱ्याच्या हातून अशी चूक होते. टाकी बसली की खोडरबर नाही.

दुसरी जात कानाची, आणि ती जास्त बोलकी आहे. 'हान्क'चं 'आन्क' झालं, कारण बोलताना 'ह' कधीच गळाला होता. 'सान्क्ति'मधला 'क' गेला. वेल्शमध्ये आजही संताला 'सान्त' म्हणतात, तिथेही 'क' नाही. 'स्पिरितुस'चं 'स्पेरितुस', 'पात्रिस'चं 'पात्रेस', 'एइउस'चं 'एउस': आखूड 'इ' आणि 'ए' बोलण्यात एकमेकांत मिसळले होते, दोन स्वरांमधला 'य'सारखा आवाज पुसट झाला होता. आपल्याकडे वऱ्हाडापासून कोकणापर्यंत घरांच्या पाट्यांवर 'आशिर्वाद' लिहिलेलं असतं. लिहिणाऱ्याला मराठी येत नसतं असं नाही, तो ऐकू येतं तसं लिहितो. तसंच हे.

सगळ्यात गमतीचा शब्द 'प्रोपेराबित'. हवा होता 'प्राइपाराविट', म्हणजे 'सिद्ध केला'. पण दोन स्वरांमधला 'व' आणि 'ब' यांतला फरक बोलण्यात राहिला नव्हता, आणि सुरुवातीचा उपसर्गही बदलला. त्यातून जे बनलं तो लॅटिनमधला एक धड शब्द निघाला, फक्त अर्थ वेगळा: 'तो घाई करेल'. शब्दकोश घेऊन बसलं तर वाक्य होतं, 'होउएल्त हा क्रूस... घाई करेल'. लेखाचं भाषांतर स्वतः करायला जाणारे बहुतेक जण इथेच अडतात.

तेव्हा लॅटिन येत नव्हतं असं म्हणू नये. मजकूर रचणाऱ्याला प्रार्थनेची ठरलेली वाक्यरचना पाठ होती. पुस्तकी वर्तनी मात्र हाताशी नव्हती, किंवा तिची फिकीर नव्हती. शुद्ध लॅटिन कोरलेलं असतं तर नवव्या शतकात इथले लोक ती भाषा कशी उच्चारत होते, हे या दगडावरून कळलंच नसतं.

६. पिता आहे, पवित्र आत्मा आहे. पुत्र कुठे गेला?

गाळला गेला. त्यामागे कुठला वेगळा पंथ किंवा बंडखोरी शोधायची गरज नाही. ठरलेलं सूत्र 'पित्याच्या आणि पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या' असं आहे आणि त्यात 'आणि' दोनदा येतं. नक्कल करताना नजर पहिल्या 'एत'वरून उचलली गेली आणि दुसऱ्या 'एत'वर पडली, की मधला शब्द गेला. हस्तलिखितं तपासणाऱ्यांना ही चूक रोज भेटते. ज्या क्रुसावर पुत्रालाच खिळलं, त्याच क्रुसावर त्याचं नाव राहून जावं, यातला विरोधाभास मात्र कोणाच्या नजरेतून सुटत नाही.

७. होउएल्त म्हणजे कोण?

नाव म्हणजे हवेल, आणि रेस म्हणजे ऱ्हीस. नवव्या शतकात या भागात ग्लिविसिंग नावाचं राज्य होतं आणि त्याचा एक राजा हवेल आप ऱ्हीस होता. 'आप' म्हणजे 'चा मुलगा'. मधल्या नावात वडिलांचं नाव लावणाऱ्या मराठी माणसाला हे वेगळं समजावायला नको. इंग्रज राजा आल्फ्रेडचं चरित्र लिहिणारा वेल्श धर्मगुरू आसर यानं ८९३ मध्ये या हवेलचा उल्लेख केला आहे. शेजारच्या मर्सिया या इंग्रज राज्याच्या एथेलरेडचा जाच सहन होईना, म्हणून हवेलनं आपणहून आल्फ्रेडचा आश्रय मागितला, असं तो सांगतो. वेल्श बखरींत त्याच शतकाच्या नवव्या दशकात एक हवेल रोममध्ये वारल्याची नोंद आहे. तो हाच असावा असं बहुतेक अभ्यासक धरतात.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा: दगडावर 'राजा' हा शब्द नाही. बाप-लेकांच्या नावांची जोडी, स्थळ आणि काळ जुळतात म्हणून ही ओळख मान्य झाली आहे. ती भक्कम आहे, पण ती अनुमानातून आलेली आहे, दगडावर लिहिलेली नाही.

८. काळ कशावरून ठरवला? कार्बन चाचणी का करत नाहीत?

कार्बन चाचणी एकेकाळी जिवंत असलेल्या वस्तूची होते: लाकूड, हाड, कोळसा. दगडाला ती लागू नाही. शिवाय दगड कधी तयार झाला हा प्रश्नच नाही, त्यावर टाकी कधी चालली हा आहे. म्हणून तीन गोष्टी एकत्र बघतात: अक्षरांचं वळण, नावांची व शब्दांची वर्तनी, आणि नक्षीची जात. चौथी गोष्ट म्हणजे बखरीतल्या नावांशी मेळ. यात एक धोका असतो. अक्षरं नवव्या शतकातली म्हणून नाव या राजाचं, आणि नाव या राजाचं म्हणून अक्षरं नवव्या शतकातली, अशी गोल फिरी होऊ शकते. इथे नक्षी आणि भाषा स्वतंत्रपणे तिकडेच बोट दाखवतात, त्यामुळे फारसा वाद नाही.

वेल्समधल्या अशा दगडांचे जुने चार वर्ग तुमच्या वाचनात येतील, १९५० मध्ये नॅश-विल्यम्स यांनी पाडलेले: पहिला नुसत्या लेखांचा, दुसरा साध्या कोरीव क्रुसांचा, तिसरा नक्षीदार उभ्या क्रुसांचा, चौथा संक्रमणकाळातला. होउएल्तचा क्रूस तिसऱ्यात बसतो.

९. खाली होउएल्त किंवा त्याचे वडील पुरलेले आहेत का?

लेख तसं म्हणत नाही. पाचव्या-सहाव्या शतकातल्या दगडांवर 'इथे अमुक निजला आहे' असं सरळ लिहिलेलं असतं. इथे 'आत्म्यासाठी' आहे. हा थडग्यावरचा दगड नाही, मृताच्या नावे केलेलं पुण्यकर्म आहे. येणाऱ्या-जाणाऱ्यानं क्रूस बघावा, नाव वाचावं आणि प्रार्थना करावी, एवढी त्यातली अपेक्षा. शिवाय दगड आता मूळ जागी नाही, त्यामुळे 'खाली' या शब्दाला तसाही अर्थ उरलेला नाही.

१०. म्हणजे आपल्या वीरगळासारखा का?

मराठी वाचक हे विचारतातच. संबंध काही नाही आणि साम्यही थोडंच आहे. वीरगळ लढाईत पडलेल्याची गोष्ट चित्रांच्या टप्प्यांतून सांगतो आणि बहुतेकदा त्यावर अक्षर नसतं. इथे नेमकं उलटं: माणसाचं चित्र नाही, प्रसंग नाही, नक्षी आणि नाव एवढंच. दान देणाऱ्याचं आणि ज्याच्या नावे दान दिलं त्याचं नाव कोरायची रीत बघायची असेल, तर लेण्यांतले दानलेख स्वभावानं याच्या जास्त जवळचे.

११. शेजारचे बाकीचे दगड कोणते?

तीन बघितल्याशिवाय निघू नका.

पहिला सॅम्सनचा क्रूस. याचं डोकं हरवलं आहे, खांब तेवढा उरला. वर खोबण आहे, म्हणजे डोकं वेगळ्या दगडाचं होतं आणि कुसू घालून बसवलेलं होतं. एका बाजूला 'सॅम्सननं हा क्रूस आपल्या आत्म्यासाठी उभारला' असा लेख, आणि मागच्या बाजूला चौकटींमध्ये सुटी नावं: इल्तुति, सॅम्सन रेगिस, सॅम्युएल, एबिसार. 'इल्तुति' म्हणजे 'इल्टिडचा'. क्रूस इल्टिडला वाहिलेला आहे एवढाच त्याचा अर्थ, इल्टिडनं कोरला असा नाही. एबिसार हे नाव जवळच्या कॉयचर्चमधल्या एका दगडावरही आहे. तो कोरणारा की देणगीदार, यावर मतं वेगळी आहेत.

दुसरा सॅम्सनचा स्तंभ, होउएल्तच्या क्रुसापेक्षा बराच उंच आणि नक्षीशिवाय. अरुंद उभ्या पट्टीत वीसेक ओळी आहेत, एकेका ओळीत मोजकी अक्षरं. मठाधिपती सॅम्सन यानं स्वतःच्या, राजा युथाहेलच्या, आर्टमालच्या आणि तेकानच्या आत्म्यासाठी हा तारणाऱ्याचा क्रूस सिद्ध केला, असा मजकूर आहे. गंमत म्हणजे मजकूर क्रुसाबद्दल बोलतो आणि दगडाला आज क्रुसाचा आकार नाही. बखरीत ग्वेंट या वेल्श राज्याचा राजा इदहाइल ८४८ मध्ये मारला गेल्याची नोंद आहे. युथाहेल तोच असावा असं मानतात.

तिसरा गोल खांब. त्यावर वेणीसारखी नक्षी आहे आणि मागच्या अंगाला वरून खाली एक उभी खाच. खाचेत फळी किंवा दगडी पडदी बसवलेली असावी हा एक तर्क. खात्रीचं उत्तर कोणाकडे नाही, आणि छातीठोक सांगणारा वाटाड्या भेटला तर हसून ऐकून घ्यावं.

१२. सॅम्सन म्हणजे इल्टिडचा प्रसिद्ध शिष्य, संत सॅम्सनच ना?

नाही. संत सॅम्सन सहाव्या शतकातला. तो इथे शिकला आणि पुढे ब्रिटनीतल्या (आजच्या फ्रान्समधल्या) डोलला गेला. दगड त्यानंतर सुमारे तीनशे वर्षांनी कोरलेले आहेत. मठात थोर शिष्याचं नाव पुढच्या पिढ्यांनी घेणं यात नवल नाही. दोन्ही दगडांवरचा सॅम्सन एकच का, हाही वेगळा प्रश्न आहे. एक स्वतःला मठाधिपती म्हणतो, दुसऱ्यावर ते पद नाही.

याच गल्लतीतून 'हे ब्रिटनचं पहिलं विद्यापीठ' असं वाक्य पसरलं आहे. इल्टिडच्या मठात विद्या होती हे सॅम्सनच्या जुन्या चरित्रावरून दिसतं. तिथे इल्टिडला शास्त्रांचा मोठा जाणकार म्हटलं आहे. पण मठातली शाळा म्हणजे विद्यापीठ नव्हे. माहितीपत्रकात शोभतं, अभ्यासात चालत नाही.

१३. सॅम्सनचा स्तंभ इओलो मॉर्गानुगनं शोधला म्हणतात. तो तर बनावट कागदांसाठी प्रसिद्ध होता. मग दगड खरा कशावरून?

शंका रास्त आहे. इओलो मॉर्गानुग, खरं नाव एडवर्ड विल्यम्स (१७४७ ते १८२६), यानं मध्ययुगीन म्हणून खपवलेल्या कविता स्वतः रचल्या होत्या. त्यात तो पेशानं पाथरवट, म्हणजे दगडावर अक्षरं कोरायचा हातही होता! त्याची हकिगत अशी: लहानपणी एका म्हाताऱ्याकडून ऐकलं की फार पूर्वी गावात विल नावाचा एक धिप्पाड मुलगा होता, तो वारल्यावर त्याच्यासाठी या उभ्या दगडाच्या बुडाशी खड्डा खणला, दगड कलंडून त्यातच पडला आणि तसाच पुरला गेला. १७८९ मध्ये इओलोनं तिथे खणलं आणि स्तंभ निघाला. पुढे काही वर्षं तो आडवा पडून होता, मग चर्चच्या दरवाजाजवळच्या भिंतीला टेकवून उभा केला गेला.

विलची गोष्ट खरी मानायची की नाही, ते ज्याचं त्यानं ठरवावं. दगडाबद्दल मात्र शंका नाही, आणि पुरावा पुन्हा वर्तनीचाच. 'आब्बाति'च्या जागी 'आपाति' आहे. जुन्या वेल्श लिखाणात शब्दाच्या मधला 'ब' हा 'प' लिहून दाखवत. 'राजा युथाहेलच्या' असं म्हणताना 'राजा' शब्द विभक्ती न लावता तसाच ठेवला आहे. फसवणाऱ्याच्या हातून सुबक, व्याकरणशुद्ध लॅटिन उतरलं असतं. असल्या चुका अठराव्या शतकात ठरवून घालणं अवघड.

१४. नक्षी कोरायची कशी? घरी कागदावर करून बघता येईल का?

येईल, आणि केल्याशिवाय ती समजत नाही. चौकटीचा कागद घ्या. सुरुवातीला ६ बाय ४ चौकटी पुरेत.

कडेनं पट्टी सोडून चौकट आखा. प्रत्येक घरात दोन्ही तिरके कर्ण काढा, तयार झाली साधी वेणी. आता दोन-तीन जागी छेद मोडा: तिथे रेषा एकमेकींना न ओलांडता वळून परत जाऊ द्या. असे मोड उजवीकडे घातले तसेच डावीकडे घाला, की वेणीच्या गाठी होतात. मग प्रत्येक रेषेला जाडी द्या आणि एकदा वरून, एकदा खालून हा क्रम धरा. शेवटी दोऱ्यांच्या मधली पोकळी काळी करा. दगडावर नेमकी तीच पोकळी टाकीनं खाली घेतात. दोरा 'कोरलेला' नसतो, तो उरलेला असतो.

बिघडतं कुठे? एक, घरांची मोजणी कडेला पुरी पडत नाही आणि शेवटची गाठ चेपून बसवावी लागते. दगड खाली रुंद आणि वर अरुंद असेल तर हे हमखास होतं. दोन, वर-खालीचा क्रम चुकतो आणि एकच दोरा लागोपाठ दोनदा वरून जातो. कागदावर खोडता येतं. दगडावर एक टवका जास्त उडाला की मागे फिरता येत नाही. किल्लीच्या नक्षीत गाठ नसते, पण तिचा पाया तोच: तिरप्या रेषांचं जाळं, आणि मोजणी चुकली तर कोपऱ्यातलं वळण अर्धवट राहतं. जुन्या दगडांवर अशा जागा शोधायला लागलात की पाथरवट शेजारी बसल्यासारखा वाटतो.

१५. दगड उघड्यावरून आत आणले. आत ते सुरक्षित आहेत का?

बाहेरपेक्षा नक्कीच. बाहेर पाऊस मुरतो, हिवाळ्यात मुरलेलं पाणी गोठून फुगतं आणि वरचा पापुद्रा सुटतो. दगडफूल अक्षरांत बसतं. ते खरवडायला गेलं तर अक्षरंही जातात.

आतले शत्रू वेगळे. जमिनीतून चढणारी ओल दगडातले क्षार वर आणते, पाणी उडून जातं, क्षारांचे स्फटिक पृष्ठभागाखाली वाढतात आणि दगडाची भुकटी होते. म्हणून कोरीव दगड थेट फरशीत, विशेषतः सिमेंटमध्ये, रोवू नये. मध्ये ओल अडवणारा थर हवा. जुने लोखंडी आकडे गंजले की फुगतात आणि दगड चिरतो, त्यांच्या जागी गंज न चढणारं पोलाद लागतं. रविवारी दोन तास जोरात तापवलेली आणि बाकी आठवडा गार पडलेली इमारत ही तर चर्चमधल्या दगडांची कायमची डोकेदुखी. शेवटचा शत्रू म्हणजे हात. एका स्पर्शानं काही होत नाही, हजारोंनी तेलकट काळा थर चढतो.

हलवणं हे तर वेगळंच प्रकरण. वालुकाश्माच्या एका घनमीटरचं वजन सव्वादोन टनांच्या पुढेमागे भरतं. २ मीटर उंच, ७० सेंटिमीटर रुंद, २५ सेंटिमीटर जाड म्हणजे ०.३५ घनमीटर, म्हणजे आठशे किलोच्या आसपास. चार कार्यकर्ते आणि एक दोर यांचं हे काम नाही.

१६. समोर उभं राहूनही अक्षरं दिसत नाहीत. फोटो कसा काढावा?

समोरून प्रकाश टाकला की उठाव सपाट होतो, म्हणून फ्लॅश बंद. टॉर्च दगडाच्या कडेला, पृष्ठभागाशी जवळजवळ समांतर, १० ते १५ अंशांत धरा. सावली खाचेत पडते आणि अक्षर उमटतं. एकाच बाजूच्या प्रकाशात त्या दिशेनं जाणाऱ्या रेषा लपतात, म्हणून टॉर्च डावीकडून, वरून, उजवीकडून आणि खालून असे निदान चार फोटो घ्या. कॅमेरा जराही हलवू नका. मोबाइल असेल तर बोट दाबून फोकस आणि उजेड पक्का करा आणि दोन सेकंदांचा टायमर लावा. स्टँड उभा करायचा असेल तर आधी विचारा. खिडकीतून ऊन थेट येत असेल तर टॉर्च हरतो, ढगाळ दिवस बरा.

वाचताना: या वळणात 'ए' (रोमन लिपीतलं A) हे अक्षर ओ आणि सी चिकटवल्यासारखं दिसतं, 'डी'ची काठी डावीकडे वाकते, आणि 'आर', 'एस', 'एन', 'पी' एकमेकांच्या वेषात फिरतात. आधी 'प्रो आनिमा' शोधा. हे दोन शब्द या दगडांवर पुन्हा पुन्हा येतात, ते सापडले की बाकीच्या अक्षरांची ओळख पटत जाते.

१७. कागद लावून ठसा घेतला तर? किंवा खाचांत खडू भरला तर?

दोन्ही नको. खडूचे कण छिद्रांत बसतात आणि ओल आली की डाग होतो. ओल्या कागदाच्या ठशानं दगड भिजतो आणि सुटू लागलेला पापुद्रा कागदाबरोबर निघतो. मेणाच्या कांडीनं घासून घ्यायचा ठसा उठावाच्या कडा झिजवतो. पाणी शिंपडून अक्षरं 'उठवणं' ही आपल्याकडच्या किल्ल्यांवर दिसणारी सवयही इथे नेऊ नका.

परवानगीचंही सांगतो. चर्च इन वेल्स ही १९२० पासून स्वतंत्र संस्था आहे आणि तिच्या इमारतींतल्या वस्तूंना हात लावायचा, हलवायचं किंवा दुरुस्त करायचं तर बिशपच्या प्रांताची लेखी परवानगी लागते. तिला फॅकल्टी म्हणतात. लँट्विट मेजर लँडाफ प्रांतात येतं. स्थानिक पाद्र्यानं तोंडी 'हो' म्हटलं तरी ते पुरत नाही.

१८. कार्डिफहून कसं जायचं? किती वेळ ठेवावा?

कार्डिफ सेंट्रलहून व्हेल ऑफ ग्लॅमॉर्गन मार्गाची गाडी धरा, पाऊण तासाच्या आसपास लागतो. या मार्गावर प्रवासी वाहतूक कित्येक दशकं बंद होती, २००५ मध्ये ती पुन्हा सुरू झाली. रविवारी गाड्या कमी असतात. स्टेशनवरून चर्च चालत, जुन्या गावाच्या खोलगट भागात. दगडांसाठी दीड तास हवा, वीस मिनिटांत फक्त मोठेपणा दिसतो. चालू चर्च आहे, तेव्हा प्रार्थना, लग्न किंवा अंत्यविधी असेल तर थांबावं लागेल. निघण्याआधी वेळा बघून घ्या. टॉर्च न्या, आणि उकिडवं बसायचं आहे हे लक्षात ठेवून कपडे घाला.

१९. वेल्श भाषेतला सगळ्यात जुना लेख तो हाच ना?

नाही, इथली भाषा लॅटिन आहे, फक्त नावं वेल्श. दगडावर कोरलेली सगळ्यात जुनी वेल्श पाहायची तर उत्तरेकडे टावीनला, संत काडव्हानच्या चर्चमध्ये जा. तिथल्या चौकोनी खांबावर दोन विवाहित स्त्रियांची नावं आहेत आणि 'दुःख उरलं आहे' अशा अर्थाचे शब्द. त्याला 'काडव्हानचा दगड' म्हणतात आणि इथून पुढचा घोटाळा सुरू होतो. अँगलसीवरच्या ल्लानगडवालाडर चर्चच्या भिंतीत सातव्या शतकातला एक दगड आहे, त्यावर राजा काटामानुस, म्हणजे काडव्हान, 'सर्व राजांत सर्वांत ज्ञानी आणि नामवंत' असल्याचं लॅटिनमध्ये कोरलं आहे. हा काडव्हान राजा, टावीनचा संत. दोन माणसं, दोन दगड, दोन भाषा. महाजालावरचे निम्मे फोटो चुकीच्या नावाखाली आहेत.

२०. लँट्विट मेजरला जाऊन आलो. अशीच आणखी कुठली चर्चेस बघावीत?

पेम्ब्रोकशरमधलं नेव्हर्न: आत खिडकीच्या तळाशी आडवा बसवलेला माग्लोकुनुसचा दगड, एकच मजकूर लॅटिनमध्ये आणि कडेवर ओगम या रेघांच्या जुन्या लिपीत, आणि बाहेर आवारात उंच नक्षीदार क्रूस. उत्तरेत पेनमाख्नो: तिथे काराउसियुसच्या दगडावर तो 'या दगडांच्या राशीत' निजला असल्याचं लिहिलं आहे, आणि लॅटिन व्याकरणाची तिथेही तीच गत आहे. मारगमचे दगड बघण्यासारखे आहेत, पण ते चर्चशेजारच्या संग्रहालयात आहेत. संग्रहालय उघडं असल्याची खात्री करूनच जा.